पिल्लाला पिंजऱ्यात एकटे झोपण्याची सवय

पिंजऱ्याची सवय म्हणजे कुत्र्याच्या लहान पिल्लाला घरातील एका ठरावीक, बंदिस्त जागेत रात्री एकटे व शांत झोपायला क्रमाक्रमाने शिकवण्याची पद्धत होय. या जागेसाठी बहुधा लोखंडी जाळीचा किंवा प्लॅस्टिकचा पिंजरा वापरतात. बाजारात तो 'क्रेट' या नावाने मिळतो. आई व भावंडांपासून नुकतेच वेगळे झालेले पिल्लू नव्या घरातील पहिल्या काही रात्री बहुधा रडते. त्या रडण्याला घरातील माणसे कसा प्रतिसाद देतात यावर पिल्लाची झोप, स्वच्छतेच्या सवयी आणि पुढे एकटे राहण्याची क्षमता बऱ्याच अंशी अवलंबून असते. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत हा प्रश्न एका कुटुंबापुरता मर्यादित राहत नाही. शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या की पिल्लाला बाहेर बांधून ठेवणे, परत करणे किंवा रस्त्यावर सोडून देणे असे प्रकार घडतात. त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतील रात्री पिल्लाच्या आयुष्यात निर्णायक ठरू शकतात.

संज्ञा व पार्श्वभूमी

मराठीत 'पिंजरा' या शब्दाला बंदिवासाची छटा आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कोंबड्यांना खुराडे आणि गुरांना गोठा असे. कुत्र्यासाठी मात्र स्वतंत्र बंदिस्त जागा नसे. ओटा, पडवी किंवा अंगण हीच त्याची जागा आणि रात्रीची राखण हेच त्याचे काम मानले जाई. कुत्रा सदनिकेत राहू लागल्यावर ही व्यवस्था बदलली. प्रवासासाठी व श्वानप्रदर्शनांसाठी वापरला जाणारा पिंजरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घरगुती शिक्षणाचे साधन म्हणून रूढ झाला आणि पुढे भारतातील शहरांतही पोहोचला.

पिंजऱ्याचे समर्थन करताना 'कुत्रा हा मुळात गुहेत राहणारा प्राणी आहे' असे पुष्कळदा सांगितले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. कुत्रा व त्याच्या कुळातील प्राणी ढोली किंवा बीळ मुख्यतः पिल्ले वाढवण्यापुरते वापरतात, आणि त्या जागेला कडी नसते. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्र यांच्या संशोधनगटाने मोकाट कुत्र्यांच्या १४८ वीणस्थानांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. माद्या पिल्ले घालण्यासाठी माणसांच्या वस्तीलगतची जागा पसंत करतात, असे त्यात दिसून आले. आडोसा आणि माणसाची जवळीक या दोन्ही गोष्टी कुत्र्याला हव्या असतात. पिंजऱ्याची सवय लावताना याच दोहोंचा आधार घ्यावा लागतो.

पिल्लू का रडते

जन्मल्यावर सुरुवातीच्या काळात पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान नीट राखता येत नाही. आईच्या कुशीत व भावंडांच्या अंगाला अंग लावून ते ऊब मिळवते. त्यामुळे झोप आणि दुसऱ्याचा स्पर्श यांची सांगड त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून पडलेली असते. साधारणतः दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस ते नव्या घरी येते, तेव्हा वास, आवाज, जमीन आणि सोबत हे सारे एकाच दिवशी बदलते. घर सोडून आलेल्या पिल्लाचे रडणे हा हट्ट नसून दुरावल्याची हाक असते. आईपासून चुकलेल्या पिल्लाला पुन्हा शोधून काढण्यासाठी तीच हाक उपयोगी पडते.

या विषयावर विस्तृत संशोधन झाले आहे. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत अनेक वर्षे केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पिल्लाच्या वयाचा सुमारे तिसरा ते बारावा आठवडा हा सामाजिक नाती जुळण्याचा संवेदनशील काळ असतो, ही कल्पना त्यातून पुढे आली. १९७७ मध्ये पेटीजॉन, स्कॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकट्या ठेवलेल्या पिल्लांचे रडणे कशाने कमी होते हे तपासले. अन्नाचा जवळजवळ उपयोग झाला नाही. कठीण खेळण्यापेक्षा मऊ वस्तूने अधिक दिलासा मिळाला. आणि सर्वांत जास्त परिणाम माणसाच्या सहवासाचा झाला. १९७८ मध्ये याक पँकसेप यांच्या गटाने पिल्लांना मॉर्फीनची अत्यल्प मात्रा देऊन पाहिले, तेव्हा विरहाचे रडणे लक्षणीय प्रमाणात घटले. शारीरिक वेदना शमवणारी मेंदूतील यंत्रणा आणि विरहाचे दुःख शमवणारी यंत्रणा यांचा जवळचा संबंध असल्याचे त्यावरून सूचित झाले. हंगेरीतील योझेफ टोपाल व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये, लहान मुलांची आईविषयीची ओढ मोजण्याची कसोटी कुत्र्यांना लावली आणि पाळीव कुत्र्याचे मालकाशी असलेले नाते काही बाबतींत त्याच प्रकारचे असल्याचे दाखवले.

या संशोधनाचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. पिल्लाला खाऊचे आमिष दाखवून आत नेता येते, पण रात्रीचे एकटेपण खाऊने भरून निघत नाही. त्यासाठी आरंभी माणूस जवळ असावा लागतो आणि अंतर हळूहळू वाढवावे लागते.

पिंजऱ्याची निवड व जागा

पिंजरा इतका मोठा असावा की पिल्लाला मान न झुकवता उभे राहता यावे, सहज वळता यावे आणि पाय लांब करून आडवे होता यावे. फार मोठा पिंजरा घेतल्यास पिल्लू एका कोपऱ्यात झोपते व दुसऱ्या कोपऱ्यात लघवी करते. मोठ्या जातीच्या पिल्लासाठी पूर्ण वाढीच्या मापाचा पिंजरा घेऊन मध्ये फळी लावावी व पिल्लू वाढेल तशी ती सरकवावी. जाळीच्या दोन तारांमधून पंजा किंवा जबडा अडकणार नाही, तारांची टोके टोचणार नाहीत आणि तळ पायांना बोचणार नाही हे आधी तपासावे.

अंथरण्यासाठी जुनी सुती चादर किंवा लहान गोधडी उत्तम. पिल्लू घरी आणताना आईच्या व भावंडांच्या अंगाखालचा एखादा कपडा मिळाल्यास तो न धुता आत ठेवावा, कारण ओळखीचा वास नव्या जागेचे परकेपण कमी करतो. कापड कुरतडून गिळण्याची सवय असलेल्या पिल्लाला ते देऊ नये. पिंजऱ्यात सोडताना गळ्यातील पट्टा काढून ठेवावा; तो जाळीत अडकून फास बसण्याची भीती असते. विजेच्या तारा पिंजऱ्यापासून दूर असाव्यात.

पहिल्या रात्रींसाठी पिंजरा झोपण्याच्या खोलीत, अंथरुणालगत ठेवणे सर्वांत सोयीचे. स्वयंपाकघराचा कोपरा, बंद बाल्कनी, जिन्याखालची जागा किंवा न्हाणीघराजवळची ओल या जागा टाळाव्यात. कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते आणि ते मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवते. हवा कोंडली व दमट असली की ही क्रिया अपुरी पडते. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना याचा धोका अधिक असतो. पिंजऱ्यावर चादर टाकायची झाल्यास निदान दोन बाजू उघड्या ठेवाव्यात.

दिवसाची पूर्वतयारी

रात्रीची सवय दिवसा लागते. पहिल्या दिवशी पिंजऱ्याचे दार काढून टाकावे किंवा उघडे बांधून ठेवावे आणि पिल्लाला आपणहून हुंगू द्यावे. आत ढकलणे किंवा उचलून ठेवणे टाळावे. आत खाऊचे चार दाणे टाकावेत. पिल्लू आत जाऊन ते खाऊन बाहेर आले तरी पुरेसे आहे. पुढे दोन वेळचे जेवण आतच द्यावे. जेवताना दार क्षणभर लोटावे आणि जेवण संपण्यापूर्वी उघडावे. हा अवधी काही सेकंदांवरून काही मिनिटांपर्यंत न्यावा.

यानंतरची पायरी एकटेपणाची. पिल्लू आत पहुडले असताना पालकाने दोन पावले दूर जावे व परत यावे. मग खोलीच्या दारापर्यंत, मग दुसऱ्या खोलीत. परत येण्याची वेळ पिल्लू शांत असतानाची असावी. पिल्लू अस्वस्थ झाले तर अंतर किंवा वेळ फार लवकर वाढवली गेली असे समजून एक पायरी मागे यावे. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येकी पाच ते दहा मिनिटे एवढा सराव पुरतो. लहान पिल्लू दिवसरात्रीतील बहुतेक वेळ झोपेत घालवते, त्यामुळे खेळून दमल्यावर येणारी झोपच सरावासाठी वापरावी.

पिंजऱ्याचा उपयोग शिक्षा म्हणून कधीही करू नये. चप्पल कुरतडली म्हणून ज्या जागेत कोंडले जाते, त्या जागेत पिल्लू रात्री निर्धास्त झोपत नाही. घरातील मुलांनी पिंजऱ्यात हात घालू नये किंवा झोपलेल्या पिल्लाला ओढून काढू नये, हेही त्यांना समजावून सांगावे.

पहिल्या रात्री

झोपण्यापूर्वी तीन-चार तास आधी शेवटचे जेवण द्यावे. त्यानंतर थोडा खेळ, मग शांत वेळ आणि निजण्याच्या अगदी आधी शौच-लघवीसाठी ठरलेल्या जागी नेणे असा क्रम ठेवावा. पाणी थोडे कमी करता येते, पण उकाड्याच्या दिवसांत ते पूर्ण बंद करू नये.

पिंजरा अंथरुणाशेजारी असल्यास पिल्लाला माणसाचा श्वास ऐकू येतो व वास येतो. ते कुरकुरले तर जाळीवर हात टेकवून किंवा हलक्या आवाजात एखादा ठरलेला शब्द उच्चारून धीर द्यावा. कापडात गुंडाळलेले टिकटिक करणारे घड्याळ किंवा कोमट पाण्याची नीट बंद केलेली बाटली जवळ ठेवण्याची जुनी रीत आहे. थंडीच्या दिवसांत काही पिल्लांना तिचा उपयोग होतो.

पिल्लाला लघवी किती वेळ रोखता येईल याचा एक ढोबळ आडाखा असा की, वयाच्या महिन्यांत एक मिळवल्यास दिवसाचे तास मिळतात. दोन महिन्यांच्या पिल्लासाठी सुमारे तीन तास. रात्री ही मुदत थोडी वाढते, तरीही या वयात रात्रीतून एकदा किंवा दोनदा उठावेच लागते. पालकाने गजर लावून पिल्लू रडण्यापूर्वीच उठावे. मंद उजेडात, न खेळता, न बोलता त्याला ठरलेल्या जागी न्यावे आणि काम होताच परत आणावे. रात्रीचे उठणे रंजक झाले तर पिल्लू त्यासाठीच जागू लागते.

सलग काही रात्री शांत गेल्यावर पिंजरा अंथरुणापासून हातभर दूर सरकवावा, मग खोलीच्या कोपऱ्यात, मग उंबऱ्याबाहेर आणि शेवटी त्याच्या कायमच्या जागी. प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागतील हे पिल्लागणिक बदलते. काहींना दोन आठवडे पुरतात, काहींना दोन महिने लागतात. एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबात पिंजरा दूर नेणे शक्य नसते व आवश्यकही नसते. तेथे माणसे दिसत असूनही आपल्या जागी झोपणे एवढेच पिल्लाने शिकायचे असते.

रडण्याचे प्रकार

सर्व रडणे सारखे नसते. अंथरुणात कूस बदलताना होणारी क्षीण कुरकुर एखाद-दोन मिनिटांत आपोआप थांबते. तिच्याकडे लक्ष न दिले तरी चालते. झोपेतून उठून येरझारा घालत, जमीन हुंगत केलेला आवाज बहुधा लघवीचा असतो. त्यासाठी ताबडतोब बाहेर न्यावे. सतत वाढत जाणारे, उंच पट्टीतील रडणे, लाळ गळणे, धापा टाकणे, जाळी चावणे किंवा दाराला पंजे मारून नखे रक्ताळणे ही भीतीची लक्षणे आहेत. अशा वेळी 'रडून रडून झोपेल' म्हणून वाट पाहणे घातक ठरते. थकून गप्प झालेले पिल्लू निर्धास्त झालेले असतेच असे नाही. पालकाने जवळ बसून त्याला शांत करावे आणि दुसऱ्या दिवशी सराव अलीकडच्या पायरीपासून सुरू करावा.

ओरडणे, पिंजऱ्यावर आपटणे किंवा पाणी शिंपडणे यांमुळे भीतीत भर पडते. पिल्लू सुस्त असेल, खात नसेल किंवा त्याला उलट्या व जुलाब होत असतील, तर तो सवयीचा प्रश्न नसून आजाराचा असू शकतो. पार्व्हो विषाणूचा आजार लहान पिल्लांत वेगाने बळावतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे जावे.

सातिवली व वसई परिसरातील विशेष बाबी

सातिवली हे पालघर जिल्ह्यात, वसईच्या पूर्वेस वसलेले ठिकाण आहे. एका बाजूला मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग व कारखान्यांचे गाळे, तर दुसऱ्या बाजूला तुंगारेश्वराचे डोंगर असा हा परिसर आहे. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. या पट्ट्यात गावठाणातील घरे, चाळी आणि नव्या इमारती जवळजवळ नांदतात. पिल्लाला रात्री कोठे झोपवावे या प्रश्नाला त्यामुळे येथे काही स्थानिक पैलू प्राप्त होतात.

पहिला पैलू जंगलाचा. सुमारे ८५ चौरस किलोमीटरच्या तुंगारेश्वर वन्यजीव अभयारण्यात बिबट्याचा वावर आहे. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या दिसून आला होता व अनेक दिवसांच्या प्रयत्नांनंतर वनविभागाने त्याला पकडले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात, मानवी वस्तीलगतच्या बिबट्यांच्या आहारात पाळीव कुत्र्याचा वाटा सर्वाधिक असल्याचे आढळले. त्यामुळे डोंगरपायथ्याच्या घरांत पिल्लाला रात्री अंगणात किंवा ओट्यावर बांधणे धोक्याचे आहे. साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. घराच्या आतील पिंजरा येथे संरक्षणाचे साधन ठरतो.

दुसरा पैलू पावसाचा. जून ते सप्टेंबर या काळात येथे जोरदार पाऊस पडतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारचा मोठा भाग जलमय होऊन रेल्वेसेवाही ठप्प झाली होती. तळमजल्यावरील घरात पिंजरा चौरंगावर किंवा भक्कम फळीवर ठेवावा आणि पाणी शिरण्याची शक्यता असताना पिल्लाला आत कोंडून कोणीही घराबाहेर जाऊ नये. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. म्हणून रात्री शौचासाठी नेताना साचलेले पाणी टाळावे व लशींविषयी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. लसीकरण पूर्ण होईपर्यंत मोकाट कुत्र्यांचा वावर असलेल्या जागी पिल्लाला सोडू नये.

तिसरा पैलू आवाजाचा. रात्रपाळीची यंत्रे, महामार्गावरील अवजड वाहने, लग्नाच्या वराती आणि दिवाळीचे फटाके यांमुळे झोपलेले पिल्लू दचकते. फटाक्यांच्या दिवसांत पिंजऱ्याची सवय नव्याने सुरू करू नये. त्या रात्री पिल्लाला माणसांजवळ ठेवून दार उघडे राखावे. रात्रपाळी करणाऱ्या पालकांनी कुटुंबातील कोण रात्री उठणार हे पिल्लू आणण्यापूर्वीच ठरवावे. रात्रभर घर रिकामे राहणार असेल, तर त्या काळात लहान पिल्लू न आणणे श्रेयस्कर.

कायदेशीर बाजू

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय अधिनियमातील कलम ११ चा या विषयाशी थेट संबंध येतो. पुरेशी उंची, लांबी व रुंदी नसल्यामुळे प्राण्याला वाजवी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणे. आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे. आणि नेहमी बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे, ही कृत्ये या कलमानुसार अपराध ठरतात. मूळ अधिनियमात पहिल्या अपराधासाठी १० ते ५० रुपये एवढाच दंड ठेवलेला होता. दंड अल्प असला तरी पिंजऱ्याचा वापर कोठे संपतो आणि क्रौर्य कोठे सुरू होते याची सीमारेषा या तरतुदीने स्पष्ट केली आहे. श्वानपैदास व विक्रीविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. फार लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लाला एकटे झोपणे अधिक जड जाते, हे पाहता ही अट महत्त्वाची आहे.

गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्रे ठेवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. त्याच सूचनांत शेजाऱ्यांना उपद्रव होऊ न देण्याची अपेक्षाही पालकांकडून केली आहे. पिल्लू घरी येण्यापूर्वी शेजाऱ्यांना पूर्वकल्पना दिल्यास पहिल्या काही रात्रींचा त्रास बहुतेक जण समजून घेतात.

मर्यादा व मतभेद

पिंजऱ्याच्या वापराबाबत जगभर एकमत नाही. स्वीडनमध्ये घरात कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवण्यावर कायद्याचे कडक निर्बंध आहेत, तर अमेरिकेत अनेक प्रशिक्षक त्याची शिफारस करतात. पिंजऱ्याऐवजी कठड्याने वेढलेला कोपरा, दाराला लावलेली आडवी फळी किंवा माणसाच्या अंथरुणाशेजारी घातलेली गादी हे पर्यायही तितकेच ग्राह्य आहेत. पूर्वी कोंडून ठेवल्याचा अनुभव घेतलेली, रस्त्यावरून सोडवून आणलेली काही पिल्ले बंद दार सहन करू शकत नाहीत. त्यांच्यासाठी उघडी जागाच योग्य.

पिंजरा हा रात्रीच्या झोपेपुरता व दिवसा अल्प काळापुरता आहे. पालक कामावर असताना दिवसभर आणि ते झोपले असताना रात्रभर असा दुहेरी वापर केल्यास पिल्लाच्या स्नायूंची वाढ, खेळ आणि माणसांची ओळख या तिन्हींवर अनिष्ट परिणाम होतो. घरात वस्तू न कुरतडता व घाण न करता पिल्लू रात्र काढू लागले की दार बंद करण्याचे कारण उरत नाही. त्यानंतर दार उघडे ठेवावे. सवय नीट लागली असेल, तर कुत्रे त्याच जागी आपणहून जाऊन झोपते.